डाव्या हातावरची हळद

६ नोव्हेंबर, गुरुवार

साबणानं हळद लाल होते. माहीत होतं; कळलं आज.

डाव्या हाताच्या आतल्या बाजूला हळदीचा दोन बोटं रुंद पट्टा ओढला. अर्धा तास वाळू दिला. मग मोरीवरची साबणाची वडी. पट्टा आधी केशरी, मग विटकरी — घासावं तसा जास्तच. सानवी दाराला टेकून बघत होती. म्हणाली, "हाच. आई, अगदी हाच रंग."

मे महिन्यातल्या खोपोलीच्या नवरीचा. हळद रात्रभर तोंडावर मुरलेली, माझ्या लेकीचा फेसवॉश शिळफाट्याच्या तिच्या पार्लरच्या खोलीवर राहिलेला, आणि मुहूर्त डोक्यावर. तिनं नवरीच्याच घरची वडी उचलली. चेहरा विटेसारखा झाला. त्यावर फाउंडेशनचे तीन थर दिले तेव्हा कुठे वीट झाकली, आणि दुपारच्या उन्हात ती थरांतून परत वर आली. मुलाच्या मामीनं भर मांडवात विचारलं, "नवरी रागावलीय का गं?" कुणीतरी व्हिडिओ काढला. 'टोमॅटो नवरी' म्हणून तो कर्जतपासून खोपोलीपर्यंत प्रत्येक मोबाइलवर जाऊन आला. मलाही तिघांनी पाठवला. एकानं तर, "ताई, बातमी होईल का?"

आमचे गुरुजी तर्कशास्त्र शिकवताना सांगत — हळदीत तांबडा नाही, चुन्यात तांबडा नाही, दोन्ही एकत्र आले की तांबडा. मी परीक्षेत हा दृष्टांत लिहून गुण मिळवलेत. आजी चुना घालून घरी कुंकू करायची, तेही या डोळ्यांनी पाहिलंय. साबणही चुन्याच्याच जातीचा, हे मात्र सुचायला बावन्न वर्षं लागली. संस्कृतची बाई!

मे महिन्यापासून सानवीकडे नवरीचं एकच काम आलं आहे. माझ्या जुन्या विद्यार्थिनीचं, अक्षदाचं, ३० नोव्हेंबरला, कळंबला. वाशीच्या एका मोठ्या पार्लरनं सानवीला ३ डिसेंबरला नोकरीसाठी बोलावलं आहे. हे लग्न नीट पार पडलं तर शिळफाट्याची खोली राहील. नाहीतर पाटी उतरवायची आणि वाशीला दुसऱ्याच्या पाटीखाली उभं राहायचं. तिनं हे चहा ढवळत सांगितलं. चहात साखर घातलेली नव्हती.

८ नोव्हेंबर, शनिवार

तीन बाटल्या आल्या. तिन्हींवर एकच नाव — मायसेलर वॉटर. म्हणजे मेकअप उतरवायचं पाणी.

सानवीचं म्हणणं असं की यापुढे हळदही यानंच उतरवायची, साबणाचं नाव काढायचं नाही. प्रश्न एवढाच की कोणत्या बाटलीनं. मी म्हटलं, आधी पाठ वाचू, मग अर्थ लावू. "आई, हा ग्रंथ नाहीये." मागच्या बाजूची घटकांची यादी वाचली, आणि मला वाटतं ग्रंथच आहे. सूत्रासारखी रचना, मुंगीएवढी अक्षरं, आणि भाष्याशिवाय एक ओळ कळत नाही.

ह्यांचं प्रुफं तपासायचं भिंग काढलं. हे गेल्यावर साप्ताहिकाची वार्ताहरकी माझ्याकडे आली, तिच्यासोबत हे भिंगही. सहा वर्षं झाली. काच स्वच्छ आहे; मूठ त्यांच्या बोटांनी झिजलेली.

यादीचा नियम सानवीनं सांगितला — जे जास्त ते आधी, जे कमी ते नंतर. अगदी शेवटी चिमूटभर असणारे कसेही बसले तरी चालतात. म्हणजे मानपानाची पंगत. पहिलं पान तिन्हीकडे पाण्याचं.

गुलाबी झाकणाची: पाणी, हेक्झिलीन ग्लायकॉल, ग्लिसरिन, मग पोलोक्सामर नावाचे एक गृहस्थ, मग एक इतका लांब समास की विग्रह करेपर्यंत हळद आपोआप उतरेल. एकूण सात-आठ जण. सुगंध नाही. आटोपशीर कुटुंब.

काकडीवाली: चित्रात काकडी एवढी मोठी की बाटली तिच्या आडोशाला उभी आहे असं वाटावं. यादीत काकडी अकरावी. सुगंधही तिच्या आधी जेवून उठला. पत्रिकेवर नाव ठळक आणि पंगतीत पान दाराशी!

तिसरी दुमजली: खाली पाणी, वर तेल. दोन्ही एकमेकांशी बोलत नाहीत. वापरण्याआधी हलवायची, मग घटकाभर बोलतात.

मायसेल म्हणजे काय तेही समजून घेतलं. पाण्यात सोडलेले बारीक कण. प्रत्येकाचं डोकं पाण्याकडे, शेपटी तेलाकडे. शेपट्या आत करून, डोकी बाहेर ठेवून ते गोल करून बसतात. शेपटीला तेलकट मळ सापडला की त्याला पोटात घेतात, आणि पाण्यासोबत निघून जातात. मी म्हटलं, "म्हणजे लग्न झालेली पोर. एक टोक सासरी, एक माहेरी, आणि दोन्हीकडचा मळ हिनं वाहायचा."

सानवी म्हणाली, "तू हे बातमीत घालू नकोस."

९ नोव्हेंबर, रविवार

ठाकुरवाडीहून भाजी घेऊन पारू आली. अळू देता देता हात बघितला. "बाय, ही हळद कुनाची?" मग घाईघाईनं अळूची एक जुडी जास्त टाकली.

तिची चूक नाही. सहा वर्षांत मला हळदीकुंकवाचं एकही बोलावणं आलेलं नाही. आणि आता हळद चमच्यानं लावते आहे, तीही सकाळ-संध्याकाळ. विधवांनाही हळदीकुंकवाला बोलवावं असा ठराव खालापूरकडच्या एका ग्रामसभेनं केला होता. बातमी मीच दिली होती. पान पाच, चार ओळी, 'एकमताने'. पुढच्या संक्रांतीला तिथे कुणाकुणाला बोलावलं हे विचारायला गेले नाही. बातमीदारानं काही प्रश्न स्वतःच्या सोयीनं टाळावेत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज तीन पट्टे एकदम. अर्धा तास वाळवून प्रत्येकावर एक बाटली.

गुलाबी — पाच कापूस. पिवळा फिका झाला, गेला नाही. लाल मात्र मुळीच झाला नाही. यशाची पहिली पायरी म्हणजे आणखी न बिघडणं.

काकडी — सात कापूस, आणि हाताला उदबत्तीच्या दुकानाचा वास. पिवळा तिथेच.

दुमजली — तीन कापसांत जवळजवळ स्वच्छ! सानवीनं माझा हात खिडकीपाशी नेऊन उजेडात बघितला, जसं सोनार बघतो. "हीच," म्हणाली.

मी म्हटलं, एका प्रयोगानं सिद्धांत होत नाही.

"आई, मला सिद्धांत नकोय. मला नवरी पांढरी नकोय, तांबडी नकोय. आपल्या रंगाची हवीय."

एवढी चांगली व्याख्या मला कधी सुचली नव्हती.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नववी ब. फळ्यावर विभक्ती लिहिते आहे, मागून रियाचा आवाज — "मॅडम, कावीळ झालीय का तुम्हाला?"

म्हटलं, "नाही, फक्त डाव्या हाताला झालीय."

ती गंभीर. "माझ्या काकांना पण एका डोळ्यापासून सुरू झाली होती."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

डावा हात खाजतो. पट्ट्यांच्या जागी बारीक पुळ्या. तिन्ही बाटल्यांवर लिहिलंय — 'पाण्याने धुण्याची गरज नाही'. मी आज्ञाधारक. आठवडाभर धुतलं नाही.

आता भिंगाखाली विचार केला. मळ पोटात घेतलेले ते कण कापसावर गेले ते गेले. जे राहिले ते माझ्या कातडीवर मुक्कामाला. पाहुणा मळ घेऊन जातो हे खरं, पण त्याला स्टेशनपर्यंत पोचवावं लागतं. साधं पाणी मारलं. संध्याकाळपर्यंत खाज निम्मी.

सानवीच्या वहीत नवा नियम: बाटली काहीही म्हणो, शेवटी पाणी. हा नियम माझ्या नावावर हवा, असं मी सुचवलं. तिनं कंसात 'आई' लिहिलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

अक्षदा शिळफाट्याला ट्रायलसाठी आली. मी मुद्दाम गेले. दहावीला संस्कृतात अठ्ठ्याण्णव मिळवणारी पोर, आता कळंबच्या एका रिसॉर्टवर हिशेबनीस आहे आणि तिथल्या बाहेरगावच्या पाहुण्यांना फोनवर दमात घेते. खुर्चीत बसून तोंड रंगवून घेता घेता म्हणाली, "बाई, मला अजून रूपं पाठ आहेत. म्हणू?"

"ओठ हलवू नकोस," सानवी.

तिला मी विचारलं, गावातल्या बाकीच्यांनी ठाण्याची मेकअपवाली बोलावली असती, तू हिलाच का? तर म्हणे, "व्हिडिओ बघितला ना मी. त्यात नवरीवर सगळे हसत होते आणि सानवीताई एकटी तिला वारा घालत होती. ते शेवटपर्यंत कुणी बघितलंच नाय."

सानवीचा ब्रश थांबला. मी खिडकीतून हायवेकडे बघत राहिले. हायवेवर नेहमीसारखंच सगळं अडकलेलं होतं.

निघताना अक्षदा म्हणाली, "बाई, हळदीला पण यायचं हां."

म्हटलं, "येणार तर. बाटल्या कोण उचलणार?"

"बाटल्यांसाठी नाय म्हणत मी."

मी पिशवीत काहीतरी शोधायला लागले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा आणि विसरण्यासारखा.

सकाळी सानवीनं माझ्या अर्ध्या चेहऱ्याला — फक्त उजवा गाल — हळद लावून दुमजलीनं उतरवली. उत्तम उतरली. मग दोन्ही गालांवर लग्नाचा पूर्ण मेकअप केला, कारण खरी परीक्षा ती. हळद निघून काय उपयोग, वरचं टिकलं पाहिजे. "दुपारपर्यंत तोंड धुवायचं नाही." मी म्हटलं, बारा वाजता मला खालापूरला पाणी योजनेच्या बैठकीची बातमी आहे. "मग उत्तमच. घाम येईल."

बैठकीत अध्यक्ष माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, आज काही कार्यक्रम?" म्हटलं, पाण्याची योजना मंजूर होतेय, हा काय कमी कार्यक्रम. सगळे हसले. साडेबाराला पंखा बंद पडला. एकच्या सुमाराला मला उजवा गाल चालू लागल्यासारखा वाटला. रुमाल लावला — रुमालावर गाल! डावा जागच्या जागी, नवरीसारखा. उजवा ओघळून गळ्यापर्यंत. शेजारच्या पेपरवाल्यानं आपणहून खुर्ची बदलली आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन बसला. सज्जन माणूस.

घरी आल्यावर सानवीनं माझं तोंड बघितलं आणि खाली बसली. कारण तिच्या लक्षात आलं — दुमजलीतलं तेल कातडीवर राहतं, त्यावर फाउंडेशन टिकत नाही. म्हणजे जी हळद काढते ती मेकअप टिकू देत नाही, आणि जी मेकअप टिकू देते ती हळद काढत नाही.

बारा दिवस राहिले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सानवी जेवली नाही. पोट भरलंय म्हणाली. कशानं ते विचारलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कळंबला जाऊन आलो, स्कूटीवरून. सानवीला मांडवाची जागा, उजेड, आरसा बघायचा होता. मला तिला एकटीला सोडायचं नव्हतं.

अक्षदाची आजी इंदूबाई ओट्यावर वाल सोलत बसलेली. वय विचारलं तर म्हणाली, "हाय की भरपूर." आबाजी, म्हणजे तिचे यजमान, जाऊन वीस वर्षं झाली. तिनं माझा हात धरला, बाही वर सारली आणि पट्टे मोजले. "मास्तरीन बाय, हे काय मांडलंस? हळद लावतीस का पुसतीस?"

सगळं सांगितलं. साबण, लाल, तीन बाटल्या. ती ऐकत होती, वाल सोलत होती. मग सानवीला म्हणाली, "त्या खोपोलीच्या पोरीला हळदीच्या आदी तेल लावलं व्हतं का तोंडाला?"

सानवी म्हणाली, "नाही आजी. मीच नको सांगितलं होतं. तेलानं मेकअप टिकत नाही म्हणून."

इंदूबाईनं वालाचं सूप बाजूला ठेवलं. "अगं बाय! कोरड्या तोंडाला हळद लावली तं ती आत जानारच. आमी तेलवन कशाला करतो मग? आदी तेल, मंग हळद. तेलावरची हळद वरच्या वर र्‍हाते. सकाळी पुसली का गेली. तुमी तेल काडून टाकलंत न् हळद ठेवलीत. पायरी मोडून जिना चढता व्हय?"

सानवीचं तोंड बघण्यासारखं झालं. माझंही असणार. कारण ती सूचना — 'लग्नाआधी आठ दिवस चेहऱ्याला तेल लावू नये' — सानवी प्रत्येक नवरीला देते त्या छापील कागदावरचा तिसरा नियम आहे. कुठल्याशा परदेशी व्हिडिओवरून घेतलेला, जिथे हळद लावतच नाहीत. आणि त्या कागदाचं शुद्धलेखन मी तपासलं होतं. 'चेहऱ्याला'तला अर्धा र नीट करून दिला होता.

शुद्धलेखन तपासलं. मजकूर नाही.

येताना अर्ध्या वाटेत सानवीनं वेग कमी केला. मग स्कूटीवरूनच ओरडून म्हणाली, "आई, शेपटी तेलाकडे असते ना!"

असते. हळद पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. आपण त्या बिचाऱ्या कणांना धरायला तेलच ठेवलं नव्हतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

पट्टा क्रमांक एकवीस. आधी तिळाचं तेल, दोन थेंब, चोळून. मग हळद. या वेळी अर्धा तास नाही — पूर्ण रात्र, हातावर जुनं फडकं बांधून. सकाळी गुलाबी. एक कापूस... दुसरा कापूस... तिसरा कोराच निघाला. मग साधं पाणी. हात माझ्या नेहमीच्या रंगाचा.

सानवीनं पुन्हा हात खिडकीशी नेला. मग दुपारी त्याच जागी फाउंडेशन लावून मला चुलीसमोर — गॅससमोर — वीस मिनिटं उभं केलं. घाम आला, हात वितळला नाही. तेल मुळातच कमी, ते गुलाबीच्या पोटात गेलं, उरलंसुरलं पाण्यानं. दुमजलीत तेल शेवटी येतं म्हणून राहतं. इथे तेल आधी येतं म्हणून जातं. सगळा फरक क्रमाचा. इंदूबाईला हे एका वाक्यात माहीत होतं; आम्ही तीन बाटल्या आणि एक हात खर्ची घातला.

सानवीनं कागद नवा केला. तिसरा नियम: 'हळदीआधी चेहऱ्याला तेल जरूर लावावे.' मला तपासायला दिला. या वेळी मजकूरही वाचला.

काकडीवाली मी आंघोळीनंतर पायांना लावते. पायांनी तक्रार केलेली नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

वाशीवाल्यांचा सानवीला फोन. ३ तारीख, अकरा वाजता, येताय ना? तिनं हो म्हटलं. फोन ठेवून गुलाबी बाटली पिशवीत भरली, काढली, पुन्हा भरली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

कळंब. अक्षदाच्या चुलत्यांच्या घरी आमची सोय. हळद नुकतीच आटोपली, अजून उजेड आहे, बाहेर डीजे आणि आत मी.

चारला सुरुवात. आधी तेल. आमच्या सूचनेप्रमाणे चेहऱ्यालाही. अक्षदाची काकू म्हणाली, "मेकअपवालीनं सांगितलं? आता शहानी झाली व्हय गं मेकअपवाली?" सानवी हसली. मे महिन्यानंतर हा विषय निघाला आणि ती हसली असं पहिल्यांदाच झालं. मग हळद. सानवीनं काकूला विनवलं, "चेहऱ्याला जरा कमी लावा ना." काकू: "कमी कशाला? लग्न काय अर्धंच हाय?" दोन मुठी गालांवर. सानवीनं माझ्याकडे बघितलं. मी तीन बोटं दाखवली — तीन कापूस. ती सावरली.

मी मागे, धान्याच्या कणगीजवळ, पिशवी मांडीवर घेऊन बसले. तिथे आधीच इंदूबाई बसलेली होती. नातीची हळद, आणि ही कणगीपाशी. "तू पन इथंच?" म्हणाली. म्हटलं, बाटल्या सांभाळते. "मी कणगी सांभाळते," म्हणाली.

त्यानंतर एक गोष्ट झाली. ती आत्ता नको. सानवी बोलावते आहे, आणि उद्या साडेपाचला उठायचं आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

सहा वाजून दहा मिनिटांनी सानवीनं पहिला कापूस लावला. खोलीत सात बायका. सातही कापसावर वाकलेल्या. कापूस शेंदरी नाही, विटकरी नाही — पिवळाधम्मक. दुसरा पिवळा. तिसरा फिका. चौथा (मी तीन म्हटलं होतं, काकूच्या दोन मुठी मोजायच्या राहिल्या) कोरा. मग पाणी. आरशात अक्षदा, स्वतःच्या रंगाची.

ती म्हणाली, "ही मीच हाय ना?"

"ओठ हलवू नकोस," सानवी म्हणाली आणि स्वतःच डोळे पुसले. मेकअप न केलेल्या माणसाला तेवढी मोकळीक असते.

बारा एकवीसचा मुहूर्त. कडक ऊन. व्याह्यांकडच्या बायका चेहऱ्याजवळ येऊन येऊन बघत होत्या, काहीतरी सापडतं का ते. दोनला जेवणं झाली, तीनला फोटो. गाल जागच्या जागी. मुलाच्या आत्यानं सानवीला बाजूला घेतलं. मी जवळ सरकले — वार्ताहर आहे मी. ऐकू आलं ते एवढंच: "माझ्या पोरीचं मार्चला हाय. तुज्या दुकानाचा पत्ता दे."

सानवीनं शिळफाट्याचा दिला. वाशीचा नाही.

परत येताना स्कूटीवर मागे बसून मी एकच हात तिच्या खांद्यावर ठेवला होता. डावा. तिनं विचारलं नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

सकाळी सानवीनं वाशीला फोन करून येत नाही म्हणून कळवलं. आता शनिवारचं, लिहायचं राहिलेलं.

अक्षदा हळदीचा वाडगा घेऊन पाटावरून उठली आणि सरळ कणगीपाशी आली. इंदूबाईचा हात धरून वाडग्यात बुडवला, आपल्या गालाला लावला. मग माझा उजवा बुडवला. म्हणाली, "बाई, महिनाभर माझ्यासाठी स्वतःला लावलीत. आता मला लावा." काकूनं तोंड उघडलं, तेवढ्यात इंदूबाई म्हणाली, "लाव गं. माजी लागली, तवा कुटं आभाळ पडलं?"

लावली.

शाळेत रिया म्हणाली, "मॅडम, आता उजव्या हाताला पण?" म्हटलं, हो, आता उजव्या.

या हाताला तेल लावलेलं नव्हतं. आत मुरली आहे. साबण लागला तर लाल होईल.

भांडी डाव्या हातानं घासली.